सहकुटुंब सहलीची गाडी



आजचा विषय घरगुती आहे. शनिवारी दुपारी शाळा सुटली, रविवारी सुट्टी, सोमवारी एखादी जोडरजा मिळाली, की घरात बेत शिजू लागतात. कुणाला गणपतीपुळ्याला जायचे असते, कुणाला नरसोबाच्या वाडीला, तर कुणाच्या लेकीचे सासर कोकणात असते. आणि मग प्रश्न येतो तो गाडीचा. आजीआजोबा, नवराबायको, दोन मुले आणि बरोबर येणारी एखादी आत्या किंवा भाची असा सातांचा मेळ बसला, की चार चाकांची लहान गाडी पुरत नाही. अशा वेळी मोठी गाडी घ्यावी का, घ्यायची तर कोणती आणि कशी पारखून, याचा विचार आज आपण करू.

ही गरज काही नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी जत्रेला जाताना बैलगाडी जुंपली, तेव्हाही सारे घर एकाच गाडीत बसत असे. पण गाडीवान माणसे कशी बसवी ते आठवून बघा. मागच्या अंगाला भार जास्त झाला तर गाडी उलाळ व्हायची, जू वर उचलले जायचे. पुढे भार जास्त झाला तर ते बैलांच्या मानेवर दाबायचे. म्हणून तो म्हणायचा, “आजी, जरा पुढं सरका, पोरांनो, मधी बसा.” गाडी किती माणसे नेते एवढेच पाहून भागत नाही, ती कुठे आणि कशी बसवून नेते हेही पाहावे लागते, हे त्या गाडीवानाला ठाऊक होते. इंजिनाची गाडी आली म्हणून हा नियम बदललेला नाही.

बैलगाडीनंतर आपल्या भागात जीप आली. महिंद्र कंपनीने १९४७ च्या सुमारास मुंबईत जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी मॅटॅडोर लग्नाच्या वऱ्हाडाची हक्काची गाडी झाली. १९९४ साली टाटांची सुमो आली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ठेवले होते, हे पुष्कळांना माहीत नसेल. मागे समोरासमोर आडवी बाके आणि त्यांवर गुडघ्याला गुडघे लावून बसलेली मंडळी, ही सुमोची ओळख. ती २०१९ साली बंद झाली. २००० साली क्वालिस, २००५ साली इनोव्हा, २०१२ साली अर्टिगा आणि २०१९ साली ट्रायबर आली. २०१८ साली मराझो ही गाडी तर आपल्या नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. तात्पर्य, निवडायला वाव पुष्कळ झाला आहे. वाव झाला म्हणूनच चूक होण्याची धास्तीही वाढली आहे.

आता मुद्द्याकडे येऊ. गाडीच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी घरी एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन गोष्टी लिहाव्यात. गेल्या वर्षात आपण सर्वजण मिळून किती वेळा बाहेरगावी गेलो? प्रत्येक वेळी माणसे किती होती? आणि वाटेत घाट किंवा कच्चा रस्ता किती होता? हे लिहिताना मनात आहे ते लिहू नये, प्रत्यक्ष घडले ते लिहावे. “दर महिन्याला जाऊ” असे आपण म्हणतो. पण पेरणी असते, परीक्षा असतात, कुणाचे आजारपण येते आणि वर्षाच्या अखेरीस सहली चारपाचच भरतात.

हा हिशेब का करायचा? समजा, एका शिक्षकाने बारा लाखांची गाडी घेतली, दोन लाख रोख भरले आणि दहा लाखांचे कर्ज शेकडा नऊ व्याजाने पाच वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता येतो सुमारे २०,७५० रुपये. पाच वर्षांत व्याजापोटीच जवळजवळ अडीच लाख जातात. हप्ता लहान व्हावा म्हणून तेच कर्ज सात वर्षांचे केले, तर हप्ता १६,१०० च्या आसपास उतरतो खरा, पण व्याज साडेतीन लाखांवर जाते. दुसऱ्या बाजूला, भाड्याची मोठी गाडी किलोमीटरला अठरा रुपये धरू. चारशे किलोमीटरच्या सहलीला ७,२०० रुपये आणि चालकाचा भत्ता पाचशे. वर्षाला बारा सहली केल्या तरी एकूण ९२,४०० रुपये. म्हणजे पाच महिन्यांच्या हप्त्यांतच वर्षभराच्या सहली होतात. तुमच्या गावचा दर वेगळा असेल, तो घालून हे गणित पुन्हा मांडा. शाळेतल्या मुलांनाही हे उदाहरण घालायला हरकत नाही, त्यांना व्याज म्हणजे काय ते बरोबर कळेल.

तुम्ही म्हणाल, मग गाडी घेऊच नये का? तसे नाही. घरात रोज कामावर जाणारी दोघे असतील, दवाखान्याची धाव नेहमीची असेल, शेतातला भाजीपाला बाजाराला न्यायचा असेल, तर हिशेब फिरतो. पण सहा दिवस अंगणात ताडपत्रीखाली उभी राहणारी गाडी केवळ सातव्या दिवसासाठी घेणे, हे मात्र चारदा विचार करण्याजोगे आहे. माझ्या परिचयाच्या एका शिक्षकांनी अशीच उंच, ऐटबाज गाडी घेतली. गाडीत दोष काहीच नव्हता. पण पायरी इतकी उंच, की गुडघेदुखी असलेल्या त्यांच्या आईला चढता येईना. पहिल्या दोन सहलींनंतर म्हातारी म्हणाली, “तुम्ही जा बाबा, मी घर राखते.” जिच्यासाठी मोठी गाडी घेतली, तीच घरी राहिली आणि हप्ते मात्र सात वर्षांचे.

म्हणून माझे सांगणे असे, की गाडी घेताना दोघांचे मत आधी घ्यावे. एक, घरातल्या सर्वांत अशक्त माणसाचे आणि दुसरे, वाटेतल्या सर्वांत अवघड घाटाचे. या दोघांना जी गाडी मानवेल, ती बाकीच्यांना मानवतेच.

प्रथम माणसांचे पाहू. सात आसनांची गाडी याचा अर्थ सात मोठी माणसे पाच तास सुखाने बसतील असा नव्हे. बहुतेक गाड्यांत शेवटची रांग ही मुलांच्या बेताची असते. तिथे आसन जमिनीपासून फार उंच नसते, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात, मांड्यांना आधार मिळत नाही आणि तासाभरात कंबर धरते. तेव्हा दुकानात एकट्याने जाऊ नये, सारे घर घेऊन जावे. घरातल्या सर्वांत उंच माणसाला शेवटच्या रांगेत पंधरा मिनिटे बसवावे, मधल्या रांगेतले आसन नेहमीच्या जागी ठेवून. आजीला तिच्या नेहमीच्या लुगड्यात चढउतार करायला सांगावे. मधले आसन पुढे दुमडून मागे जावे लागते, ते दुमडणे घरातल्या बाईमाणसाला आणि मुलांना एका हाताने जमते का, तेही पाहावे. विक्रेता घाई करील. त्याला करू द्यावी, आपण करू नये.

मुलांना गाडी लागते, हा तर घराघरातला अनुभव. शेवटची रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते, तिथे हेलकावे जास्त बसतात. पुष्कळ गाड्यांत त्या रांगेच्या खिडक्या उघडत नाहीत. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे. गार हवेचा झोत मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, हे भर दुपारी तपासून पाहावे, संध्याकाळी नव्हे.

आता सामान. कंपन्या सामानाची जागा लिटरमध्ये सांगतात आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही उमगत नाही. आपण ती तेलाच्या डब्यात मोजू. पंधरा किलो तेलाच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर मावते. ट्रायबरमध्ये सातही आसने उभी असताना मागे ८४ लिटर जागा राहते, म्हणजे फक्त पाच डबे. अर्टिगात २०९ लिटर, म्हणजे बारा डबे. इनोव्हा क्रिस्टात ३०० लिटर, म्हणजे अठरा. शेवटची रांग काढली किंवा दुमडली, की ट्रायबरमध्ये ६२५ लिटर आणि अर्टिगात ५५० लिटर जागा होते. यातून काय दिसते? सात माणसे आणि सात माणसांचे सामान, दोन्ही एकाच वेळी आरामात नेणारी गाडी स्वस्तात मिळत नाही. पाच माणसे आणि भरपूर सामान, किंवा सात माणसे आणि हातातल्या पिशव्या, यांतले आपले नेहमीचे कोणते, ते कागदावर लिहिलेल्या यादीवरून ठरवावे. गॅसवर, म्हणजे सीएनजीवर चालणारी गाडी घ्यायची असेल तर टाकी कुठे बसवली आहे हे जरूर पाहावे. मागच्या जागेत टाकी असली तर डब्यांचा हिशेब आणखी कमी होतो. शिवाय आपल्या वाटेवर गॅसचा पंप आहे का आणि तिथे रांग किती असते, हेही विचारावे.

“मग टपावर बांधू सामान!” असे कुणी म्हणेल. थोडे हलके अंथरूण ठीक आहे. पण टपावर जड बोजा चढवला की गाडीचा भार वर जातो आणि घाटातल्या वळणावर ती जास्त कलते. गवताची गाडी वळणावर कशी कलंडते, ते शेतकऱ्याला मी काय सांगावे?

आता घाटाचे मत घेऊ. कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाट, कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट, सावंतवाडीकडे उतरताना आंबोली, हे आपले नेहमीचे परीक्षक. सात माणसांचे सरासरी साठ किलो धरले तर ४२० किलो होतात, सामानाचे ८० धरले तर एकूण ५०० किलो. रिकामी गाडी बाराशे किलोची असेल, तर तिच्यावर शेकडा चाळीसपेक्षा जास्त भार वाढला. दुकानदार आपल्याला गाडी चालवून पाहायला देतो ती रिकामी, सपाट रस्त्यावर आणि दहा मिनिटे. ती परीक्षा खरी नव्हे. घरची माणसे बसवून, जवळच्या एखाद्या चढावर, गार हवेचे यंत्र चालू ठेवून गाडी चालवावी. चढावर थांबवून पुन्हा उचलावी. कुरकुरत उचलली तर समजावे, की घाटात ट्रकच्या मागून पुढे काढताना ती आपल्याला पेचात टाकील.

चढापेक्षा उतार अधिक कसोटीचा. भरलेली गाडी उतारावर सारखा ब्रेक दाबून आणली, की ब्रेक तापतात. फार तापले की त्यांतल्या तेलाला उकळी येऊन वाफ होते आणि पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, इंजिनालाच गाडी धरू द्यावी. इंधन वाचावे म्हणून उतारावर गिअर काढून गाडी सोडणारे लोक आहेत. थेंबभर इंधनासाठी ते सात जीव पणाला लावतात. टायरच्या हवेचेही तसेच. बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते. तिच्यावर पुष्कळदा हवेचे दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. सहलीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरावी.

श्रोतेहो, आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. आपल्याकडे समज असा, की पट्टा हा पुढे बसणाऱ्यांसाठी आणि तोही पोलीस दिसेपर्यंत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर एका महागड्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले, त्यांत उद्योगपती सायरस मिस्त्री होते. मागच्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते. गाडी कितीही भारी असली तरी मागचा माणूस पट्ट्याशिवाय सुरक्षित नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

थोडे शास्त्र सांगतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने आदळणे हे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. त्या वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मागे मोकळी ठेवलेली दहा किलोची पिशवी पुढच्या माणसावर सुमारे १४० किलोच्या भाराने येते. मांडीवर घेतलेले दहा किलोचे मूलही तसेच हातांतून सुटते. कोणत्या आईचे हात १४० किलो पेलतील? म्हणून सामान बांधलेले हवे आणि लहान मुलाला त्याच्या वयाचे वेगळे आसन हवे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पट्टा न बांधणाऱ्याला आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला सुरक्षित न बसवणाऱ्याला एक हजार रुपये दंड ठरवला आहे. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. गाडी निवडताना साधा प्रश्न विचारा : जितकी आसने, तितके पट्टे आहेत का? मधल्या रांगेत मध्ये बसणाऱ्याला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का? मागे तोंडाला तोंड करून बसण्याची आडवी बाके असतील, तर तिथे माणसे न बसवता सामान ठेवलेले बरे. आणि सात आसनांच्या गाडीत दहा माणसे कोंबली, तर उरलेल्या तिघांना पट्टा कुठून आणणार?

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची चाचणी सुरू झाली आहे. तीत गाडी मुद्दाम आदळून पाहतात आणि मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगवेगळे तारे देतात. कंपनीवर ही चाचणी सक्तीची नाही. म्हणून आपण आवर्जून विचारावे, की या गाडीची चाचणी झाली आहे का आणि मुलांसाठी तिला किती तारे मिळाले. रंग आणि गाण्याचे यंत्र यांची चौकशी त्यानंतर करावी.

किमतीबद्दल एक माहिती. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी असलेल्या आणि पेट्रोलचे १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचे १,५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाडीवर जीएसटी शेकडा १८ झाला, त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाडीवर शेकडा ४०. म्हणून चार मीटरच्या आत बसवलेली सात आसनी गाडी स्वस्त पडते. पण तो वाचलेला पैसा पाच डब्यांच्या सामानाच्या जागेतून वजा झालेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

जुनी गाडी घेण्यातही वावगे काही नाही. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, कागदपत्रांवर बँकेचा बोजा आहे का ते तपासावे. नाव बदलण्याची सूचना विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यायची असते. ती टाळू नये. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यांतली किती उरली तेही मोजावे. आणि एक धोका सांगतो. हप्ता निघावा म्हणून घरची पांढऱ्या पाटीची गाडी कुणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना भाड्याने देतात. ते कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. ज्यांनी भाड्याची गाडी करायची ठरवली असेल, त्यांनीही पिवळ्या पाटीचीच करावी आणि निघण्याआधी तिचे पट्टे व टायर पाहून घ्यावेत.

शेवटी एवढेच म्हणेन. घेतली तरी, भाड्याने केली तरी, गाडी चारचौघांत मिरवण्यासाठी नसून चारचौघांना एकत्र नेण्यासाठी आहे. चार दिवस उशिरा ठरवा, पण सर्वांना विचारून ठरवा. आजीला चढता आले, मुलांना मोकळा वारा मिळाला, सातही पट्टे बांधले गेले आणि घाट उतरताना चालकाचे मन निर्धास्त राहिले, म्हणजे गाडीची निवड बरोबर झाली. मग ती लहान असो, मोठी असो, आपली असो की भाड्याची.